तीन दिवसांचं शिंगरू आडवं पडलंय आणि डॉक्टर उद्या येणार: आजची रात्र कशी काढायची

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. वरातीची घोडी डिसेंबरात सारंगखेड्याच्या बाजारातून गाभण आणली, ती आता भर पावसात ठाण्यातल्या कोलशेतच्या शेडमध्ये व्यायली. शिंगरू तीन दिवसांचं आहे. दोन दिवस नीट प्यायलं. आज सकाळपासून पातळ लीद होतेय आणि दुपारपासून ते बहुतेक वेळ आडवंच आहे. नेहमीचे डॉक्टर पाण्यामुळे अडकलेत, उद्या सकाळी येतो म्हणाले. शेजाऱ्याचा सल्ला असा, की म्हशीचं दूध बाटलीने पाजा आणि माणसांची जुलाबाची गोळी अर्धी करून द्या.

ही दोन्ही कामं करू नका. का, ते पुढे येईलच.

औषध कोणतं द्यायचं, हा आजचा मुद्दा नाही. मोठं घोडं दोन दिवस न खाता तग धरतं. तीन दिवसांच्या शिंगराच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, त्याची शिदोरी काही तासांची. ते पिणं सोडतं तेव्हा रक्तातली साखर उतरते, साखर उतरली की अंग गार पडतं, अंग गार पडलं की आतडी मंदावतात आणि चोखण्याची ताकद जाते. मग घाबरून माणूस तोंडात दूध ओततो आणि ते फुप्फुसात जातं. ही साखळी घरी तोडता येते. मुळातला जंतुसंसर्ग मात्र घरी बरा होत नाही, हेही आत्ताच स्पष्ट सांगतो. तीन दिवसांचं शिंगरू पातळ हगतंय आणि उठत नाहीये, तर रक्तात जंतू भिनलेत असंच धरून चालायचं. त्याला शिरेतून प्रतिजैविकं लागतात, कधी प्लाझ्मा लागतो. तुम्ही रात्रभर सगळं बिनचूक केलंत तरी सकाळी ते हाताला लागेलच असं नाही. पण चुकीचं केलंत तर सकाळ होणारच नाही, म्हणून हा पसारा.

कुणीतरी म्हणेल की घोडी माजावर येते तेव्हा पिलाला हगवण लागतेच, काळजी नको. ती हगवण सहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान लागते आणि तेव्हा पिलू उड्या मारत असतं, पीत असतं. तुमचं तिसऱ्या दिवशीच पडलंय. हे ते नव्हे.

आधी घोडीची कास बघा. शिंगराकडे तासभर बघून जे कळत नाही ते कास दोन सेकंदांत सांगते. निरोगी पिलू तासातून पाच-सात वेळा चोखतं, त्यामुळे कास कधी तट्ट भरत नाही. कास ताणलेली असेल, सडांतून दूध ठिबकत असेल, तर पिलू तासन्‌तास प्यायलेलं नाही. कधी पिलाच्या कपाळावर दूध वाळलेलं दिसतं. ते कासेखाली जाऊन उभं राहतं, पण तोंड लावत नाही, आणि दूध डोक्यावर गळतं. याउलट कास ढिली आणि रिकामी असेल तर घोडीलाच दूध नाही किंवा तीच आजारी आहे. मग तिचाही ताप बघा आणि वार पूर्ण पडली होती का, ते आठवा. वार व्याल्यापासून तीन तासांत पडायला हवी. तुकडा आत राहिला असेल तर घोडीचाही जीव धोक्यात आहे आणि फोनवर ते आधी सांगायचं.

आता आकडे. केमिस्टकडून साधा डिजिटल थर्मामीटर आणा, त्याला दोरा बांधा, टोकाला व्हॅसलीन लावा आणि गुदद्वारात आतल्या भिंतीला टेकवून धरा. नुसत्या लिदीत खुपसला तर आकडा खोटा येतो. पातळ लिदीत तर तो कमीच दाखवतो, म्हणून दोनदा घ्या. ९९ ते १०२ फॅरनहाइट ठीक. १०२ च्या वर ताप. पण ताप नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. या वयात गंभीर संसर्गातही अंग गार पडतं, आणि मला १०३ पेक्षा ९८ ची जास्त भीती वाटते. हृदयाचे ठोके डाव्या कोपरामागे हात ठेवून पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. मिनिटाला ७० ते १०० अपेक्षित. श्वास झोपेत किंवा शांत असताना मोजायचा, २० ते ४०. वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. विटकरी लाल, जांभळट किंवा पांढरी फटक हिरडी वाईट. पिवळी दिसली आणि लघवी लालसर असेल तर तो वेगळाच आजार, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्याचा. अशा पिलाला अजिबात उठवू-चालवू नका, लगेच फोन करा.

अंगातलं पाणी किती उतरलंय ते मानेची कातडी चिमटून नवजात पिलात नीट कळत नाही. डोळे बघा. खोल गेले असतील, खालची पापणी आत वळून पापणीचे केस बुबुळावर घासत असतील, तर पाणी बरंच उतरलंय. पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढून पुन्हा बाहेर काढा, दर वेळी. साधे, स्टेरॉइड नसलेले कोरड्या डोळ्यांचे थेंब चालतात. लघवीकडेही लक्ष ठेवा. पिणाऱ्या शिंगराची लघवी पाण्यासारखी आणि वारंवार असते. दिवसभर झालीच नसेल आणि पोट फुगत चाललं असेल, तर मूत्राशय फुटल्याची शंका घ्यायची, खासकरून नर पिलात. हा तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कळणारा प्रकार आहे आणि यात ओआरएस पाजणं घातक ठरू शकतं.

हे आकडे दर दोन तासांनी कागदावर वेळेसकट लिहा. डोक्यात ठेवू नका, पहाटे चारला डोकं चालत नाही.

ऊब हे पहिलं काम, दुधाच्याही आधी. आपल्याकडे जुलैत बाहेर उकडत असतं, म्हणून पिलाला थंडी वाजेल हे कुणाच्या मनात येत नाही. पण ओली जमीन, ओली कातडी आणि पत्र्याखालचा वारा एवढं पुरतं. खाली रबरी मॅट किंवा जाड प्लॅस्टिक, त्यावर कोरडा भाताचा पेंढा किमान अर्धा फूट. पेंढ्याला बुरशीचा वास येत असेल तर तो नको, त्यापेक्षा जुनी घोंगडी आणि चादरी बऱ्या. पिलू टॉवेलने रगडून कोरडं करा, वरून घोंगडी. प्लॅस्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरा, प्रत्येक बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून छातीजवळ आणि मांड्यांजवळ ठेवा, आणि स्वतःच्या गालाला लावून खात्री करा. पडून राहिलेलं पिलू बाटलीपासून सरकू शकत नाही, त्यामुळे भाजतं. पेंढ्यावर लोंबता बल्ब किंवा हीटर लावू नका. ओली शेड, जुनी वायर आणि पेंढा हे तिन्ही एका जागी आले की पिलापेक्षा मोठं संकट. मच्छर अगरबत्तीचा धूरही नको, जाळी लावा.

पिलाला कुशीवर सपाट पडू देऊ नका. छातीवर बसल्यासारखं ठेवायचं, दोन्ही बाजूंनी पेंढा भरलेल्या गोण्यांचा टेकू द्यायचा. असं बसलं की दोन्ही फुप्फुसांना हवा मिळते. दर दोन तासांनी मागचा भाग दुसऱ्या बाजूला वळवा, नाहीतर खालचं फुप्फुस दबतं आणि कातडी सोलते.

आता दूध. स्वच्छ धुतलेलं बोट तोंडात घाला. जीभ बोटाभोवती गुंडाळून जोरात ओढत असेल तर चोख, म्हणजे चोखण्याची ओढ, आहे. नुसतं चावत असेल किंवा जीभ लोळागोळा असेल तर चोख नाही. चोख नसेल, किंवा अंग ९८ च्या खाली असेल, तर तोंडात एक घोटही ओतायचा नाही. सिरिंजने नाही, चमच्याने नाही, बांबूच्या नळीने तर अजिबात नाही. गार आतड्यात दूध पचत नाही, सडतं आणि पोट फुगतं. चोख नसलेल्या पिलाचं दूध श्वासनळीत जातं. अशा वेळी तोवर फक्त ग्लुकोज पावडरीची घट्ट पेस्ट बोटाच्या टोकावर घेऊन हिरड्यांना चोळा, चिमूटभर, दर दहा-पंधरा मिनिटांनी. मध नको. मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात आणि शिंगरं त्याला बळी पडतात. ऊब मिळाली की तासाभरात पुष्कळ पिलांची चोख परत येते. नाही आली, तर नाकातून नळी घालून दूध द्यावं लागतं आणि ते फक्त डॉक्टरांचं काम.

चोख असेल तर सर्वांत चांगलं भांडं म्हणजे घोडीची कास. एकाने म्होरकी धरून घोडीला भिंतीशी उभं करावं, दुसऱ्याने पिलाला एक हात छातीखाली आणि एक मांड्यांमागे घालून उभं करावं. पोटाखाली हात घालून उचलू नका, शेपटीने तर मुळीच नाही. सडावर दूध पिळून पिलाच्या ओठाला लावा आणि वाट बघा. मानेला धरून कासेवर दाबलं तर शिंगरू मागे रेटतं. ते घोड्याच्या जातीतच आहे.

उभंच राहत नसेल तर घोडीचं दूध काढा. कास कोमट पाण्याने धुवून पुसा. हाताने जमत नसेल तर ६० मिलीची नवी सिरिंज घ्या, सुईकडचं टोक पात्याने कापून टाका, दट्ट्या बाहेर काढून कापलेल्या बाजूने आत घाला. मूळची गुळगुळीत कड सडावर बसवायची आणि दट्ट्या हळू ओढायचा. कापलेली बाजू चुकूनही सडाला लागू देऊ नका. दर दोन तासांनी काढलंत तर घोडीचा पान्हाही टिकतो.

किती द्यायचं? घरच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग पिलू उचलून. समजा ३५ किलो भरलं. निरोगी पिलू या वयात वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त दूध चोवीस तासांत पितं, म्हणजे सात-आठ लिटर. आजाऱ्याला एवढं झेपत नाही. दहाव्या हिश्श्यापासून सुरू करा: साडेतीन लिटर, बारा वेळा, म्हणजे दर दोन तासांनी साधारण ३०० मिली. पहिल्या वेळी मात्र १०० मिलीच द्या, अर्धा तास थांबा. पोट ढोलासारखं फुगलं नाही, कळ आल्यासारखं लोळलं नाही, तर पुढच्या वेळी २०० आणि मग ३००. दूध आपल्या अंगाइतकं कोमट हवं. पिताना पिलू छातीवर बसलेलं किंवा उभं, आणि नाक डोळ्यांच्या रेषेच्या वर जाता कामा नये. लहान मुलांच्या बाटलीचं निपल चालतं, पण बाटली उलटी धरल्यावर थेंब थेंब पडायला हवेत, धार लागता कामा नये. चोख चांगली असेल तर उथळ वाडग्यातून पाजणं बाटलीपेक्षा सुरक्षित. नाकातून दूध आलं, खोकला आला किंवा घशात घरघर झाली, की तिथेच थांबा.

घोडीचं दूध मिळालंच नाही तर? म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून जास्त असतो, घोडीच्या दुधात एक-दोन. म्हणून म्हशीचं नको म्हणालो. हगवण आणखी वाढते. घोडीच्या दुधात साखर मात्र गाईपेक्षा जास्त. म्हणून एका रात्रीपुरतं पिशवीतलं डबल टोन्ड दूध, ज्यात दीड टक्का स्निग्धांश असतो, एक लिटर, त्यात २० ग्रॅम साधी ग्लुकोज पावडर. घरातली साखर किंवा गूळ घालू नका. या वयात ती साखर पिलाला पचत नाही आणि तिनेही जुलाब होतात. शेळीचं दूध मिळालं तर आहे तसं चालतं. तीन दिवसांनंतर कुठून चीक मिळाला तरी त्यातली रोगप्रतिकारशक्ती आता रक्तात जाणार नाही. आतड्याचं ते दार पहिल्या दिवसातच बंद होतं. त्यासाठी धावपळ करू नका.

जुलाबात दूध पूर्ण बंद करावं असं सांगणारे भेटतील. ते सलाईन चालू असेल तरच. घरी बंद केलंत तर साखर उतरते. दुधाच्या दोन वेळांच्या मधे ओआरएस द्या, एक पुडी बरोबर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, एका वेळी २०० ते २५० मिली, चोख असेल आणि लघवी होत असेल तरच. दुधात ओआरएस मिसळू नका. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं बघा. खोक्यातली चवीची पेयं ओआरएस नव्हेत.

जुलाबाची गोळी आतडी थांबवते, घाण आतच साठते, जंतूंचं विष शोषलं जातं आणि पोट फुगतं. तापाची किंवा दुखण्याची माणसांची गोळीही नको, आणि तबेल्यात मोठ्या घोड्यांसाठी ठेवलेलं वेदनाशामक इंजेक्शनही नको. पाणी उतरलेल्या पिलात त्याने मूत्रपिंड निकामी होतं आणि पोटात व्रण पडतात. उरलेलं प्रतिजैविक अंदाजाने टोचू नका. डॉक्टरांनी फोनवर नाव, मात्रा आणि जागा सांगितली तर गोष्ट वेगळी, तेव्हा बाटलीचा फोटो पाठवून ताकद जुळवून घ्या. हळद, ओवा, इसबगोल यांपैकी काहीही आज रात्री पोटात जाऊ नये.

मधल्या वेळेत तीन लहान कामं. शेपटीखालचा भाग कोमट पाण्याने धुवून पुसा आणि व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा, नाहीतर कातडी सोलून केस जातात. बेंबीचं टोक ०.५ टक्के क्लोरहेक्सिडिनमध्ये बुडवा. बाटली २ टक्क्यांची असेल तर एक भाग औषध आणि तीन भाग उकळून गार केलेलं पाणी. कडक टिंक्चर आयोडिन ओतू नका, ते कातडी जाळतं. बेंबी ओली, बोटासारखी जाड किंवा वास येणारी असेल तर लिहून ठेवा. तिसरं, सगळे सांधे हाताने चाचपा, पुढचे गुडघे, मागचे ढोपर, खुरांवरचे सांधे. एखादा गरम किंवा सुजलेला लागला तर संसर्ग तिथे पोचलाय.

आणि हात. अशा हगवणीत साल्मोनेला असू शकतो, तो माणसांनाही लागतो. पिलाजवळ एकच माणूस, त्याचे वेगळे बूट, साबणाने हात, आणि घरातल्या लहान मुलांना शेडपासून लांब ठेवा. दुसऱ्या घोड्यांना चारा-पाणी आधी करायचं, या पिलाकडे शेवटी यायचं.

सकाळपर्यंत थांबायचं की नाही, हे पिलावर अवलंबून आहे. ऊब देऊन तासाभरात चोख आली, ताप ९९ ते १०२ मध्ये आला, हिरडी गुलाबी आहे, दोनदा दूध प्यायलं, तर थांबू शकता. तासभर ऊब देऊनही अंग ९८ च्या वर येत नाही, हिरडी जांभळट किंवा पांढरी पडली, झटके आले, पोट फुगतंय, लिदीत रक्त आहे, सांधा सुजला, किंवा श्वास ६० च्या वर जाऊन बरगड्या ओढल्या जातायत, यांतलं एकही असेल तर थांबू नका. १९६२ हा पशुवैद्यकीय फिरत्या पथकांचा क्रमांक लावा. रात्री गाडी मिळेलच असं नाही, पण प्रयत्न करायचा. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनाही फोन करा. कोलशेतहून मुंबईतलं परळ तीसेक किलोमीटर. तिथलं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठायचं, तर निघण्याआधी फोन करून या वेळी मोठं जनावर घेतात का आणि घोडं बघणारं कुणी आहे का, एवढं विचाराच. घोडबंदर रोडवर पाणी साचलं असेल तर तासाचा रस्ता तीन तासांचा होतो. टेम्पोत पेंढा, पिलू छातीवर, डोकं एकाच्या मांडीवर, बाटल्या नव्याने गरम करून. घोडी सोबत न्या, पण मधे फळी बांधा. घाबरलेली घोडी वळणावर पिलावरच पाय देते.

डॉक्टरांना "शिंगरू बरं नाही, लवकर या" असा निरोप नुसता पाठवू नका. दहा निरोपांत तो हरवतो. असा लिहा: "मादी, ७२ तास, ३५ किलो. सकाळपासून पिवळी पातळ लीद, आठ वेळा. दुपारी दोनपासून उठत नाही. ताप ९८.४, ठोके १२०, श्वास ४४, हिरडी फिकट, चोख कमजोर. लघवी एकदा, पाण्यासारखी. घोडीची कास भरलेली, वार पडली. घोडी बाहेरून आणलेली, धनुर्वाताची लस माहीत नाही." सोबत लिदीचा फोटो, हिरडीचा फोटो आणि श्वासाचा तीस सेकंदांचा व्हिडिओ. एवढं वाचून डॉक्टर रात्रीच सांगू शकतात, की कोणत्या केमिस्टकडून काय आणायचं, आणि सकाळी येताना सलाईन नि प्लाझ्माची सोय करायची का.

धनुर्वाताचं वाक्य गाळू नका. बाजारातून आणलेल्या घोडीला लस दिली होती की नाही ते कुणालाच ठाऊक नसतं. घोड्यांच्या जागेतल्या मातीत ते जंतू असतात आणि कच्ची बेंबी हे त्यांचं सोपं दार. पिलाला प्रतिविष टोचायचं का, हे सकाळी विचारून घ्या. त्याच वेळी रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करता येईल का, तेही विचारा. डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमपेक्षा कमी भरलं तर चीक नीट पोचला नव्हता, आणि मग नुसत्या प्रतिजैविकांवर भागत नाही.

सकाळी पहिली लीद झाकणाच्या स्वच्छ डबीत घ्या, वर वेळ लिहा आणि बर्फाच्या पिशवीजवळ ठेवा. डॉक्टर दारात आले की थर्मामीटरचा कागद आणि ही डबी आधी हातात द्या.